विस्कॉन्सिनमध्ये हरणाच्या शिकारीला पुन्हा सुरुवात करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर उजाडला की मिलवॉकी, मॅडिसन, ॲपल्टन भागातल्या मराठी मंडळींचे फोन आणि मेसेज सुरू होतात. विचारणारे नवखे नसतात. कुणी नव्वदच्या दशकात ऑफिसातल्या सहकाऱ्यांबरोबर उत्तरेकडच्या केबिनवर जायचं, कुणी अमेरिकन सासऱ्यांचं बोट धरून शिकलेलं असतं. मग नोकरी बदलली, मुलं झाली, गुडघे कुरकुरू लागले आणि रायफल कपाटात गेली. आता मुलं कॉलेजात गेली आहेत आणि पुन्हा जावंसं वाटतंय.

खालची उत्तरं फक्त विस्कॉन्सिनपुरती आहेत. मिनेसोटा, मिशिगन, इलिनॉय इथले नियम वेगळे आहेत. हंगामाच्या तारखा, फी आणि काउंटीनिहाय कोटा दरवर्षी बदलतो, म्हणून ते आकडे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या, म्हणजे डीएनआरच्या, चालू वर्षाच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत.

१. पंधरा-वीस वर्षांनी परत जातोय. सगळं पहिल्यापासून करावं लागेल का?

नाही. हंटर एज्युकेशनचा कोर्स एकदा केला की तो जन्मभर चालतो. तुमचा जन्म १ जानेवारी १९७३ च्या आधीचा असेल तर विस्कॉन्सिनमध्ये तो कोर्स सक्तीचाच नाही. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मात्र प्रमाणपत्र लागतं. दुसऱ्या राज्यात केलेला कोर्सही इथे धरला जातो.

सक्ती नसली तरी माझं म्हणणं आहे की कोर्स पुन्हा करावा. हात आणि डोळे जुनं लवकर आठवतात, त्यामुळे दोन-तीन गोळ्या नीट लागल्या की सगळं जमतंय असं वाटतं. सुरक्षेच्या सवयी मात्र तितक्या लवकर परत येत नाहीत. बंदूक हातात घेताच नळी कुठे आहे हे न पाहता बोलत राहणारे लोक मला नवख्यांपेक्षा परत आलेल्यांत जास्त दिसतात.

एक चांगली बातमीही आहे. ज्या रहिवाशाने शिकारीचं लायसन्स दहा वर्षांत घेतलेलं नाही, त्याला विस्कॉन्सिन ते पहिल्यांदा घेणाऱ्याच्या सवलतीत बसवतं. फी अगदी नाममात्र पडते.

२. कोर्सचं कार्ड हरवलं, माझा डीएनआरचा नंबरही आठवत नाही. काय करू?

सगळं आता ‘गो वाइल्ड’ या ऑनलाइन यंत्रणेत आहे. नाव आणि जन्मतारीख टाकून जुनं खातं शोधता येतं आणि कोर्सची नोंद सापडली की कार्ड पुन्हा छापता येतं. लग्नानंतर नाव बदललेल्यांची किंवा आडनावाचं स्पेलिंग दोन प्रकारे लिहिलेल्यांची नोंद पटकन सापडत नाही. अशा वेळी नवं खातं उघडू नका, डीएनआरच्या मदत क्रमांकावर बोला. दोन खाती झाली की पुढे टॅगचा, म्हणजे हरीण मारण्याच्या परवानगीचा, गोंधळ होतो.

३. मी शेवटचा गेलो तेव्हा पाठीवर नंबर लावायचो आणि हरीण टपरीवर नेऊन नोंदवायचो. आता?

दोन्ही गेलं. पाठीवरचा बॅक टॅग २०१६ पासून लागत नाही. नोंदणी २०१५ पासून फोनवर किंवा ऑनलाइन होते. पेट्रोल पंपावर नाहीतर बारसमोर पिकअप ट्रक रांगेत लागायचे, कुणाचं केवढं हे सगळं गाव बघायचं, ती मजा त्याबरोबर संपली आणि मला तिची हळहळ आहे. हरणाच्या पायाला बांधायचा कागदी टॅगही आता नाही. त्याऐवजी ‘हार्वेस्ट ऑथरायझेशन’ नावाची परवानगी असते आणि तिच्यावरचा नंबर नोंदणीच्या वेळी लागतो.

हरीण हाती लागल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ वाजेपर्यंत नोंदणी करायची. उत्तरेच्या जंगलात फोनला रेंज नसते, म्हणून परवानगीचा कागद छापून खिशात ठेवा आणि रात्री गावात आल्यावर नोंदवा.

याशिवाय, आधी मादी मारल्याशिवाय नर मारता येणार नाही हा ‘अर्न अ बक’चा नियम २०११ साली कायद्याने रद्द झाला. रायफल २०१३ पासून राज्यभर चालते. दक्षिणेकडच्या ज्या काउंट्यांत पूर्वी फक्त शॉटगन चालायची तिथेही आता ती चालते. क्रॉसबोचा, म्हणजे चाप ओढून बाण सोडायच्या धनुष्याचा, हंगाम २०१४ पासून सगळ्यांना खुला आहे. आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे सीडब्ल्यूडी हा रोग, त्याचं उत्तर १४ व्या प्रश्नात आहे.

४. हंगाम नेमका कधी असतो?

बंदुकीचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नंतरच्या रविवारी संपतो. धनुष्य आणि क्रॉसबोचा सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत लांबतो. नऊ दिवसांनंतर मझललोडरचे, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरायच्या बंदुकीचे, दहा दिवस आणि त्यामागोमाग डिसेंबरात फक्त मादीसाठी चार दिवस असतात. काही काउंट्यांत नाताळच्या सुट्टीतही हंगाम असतो.

परत येणाऱ्याने कुठला निवडावा? नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नर माजावर असतात, भरदिवसा फिरतात, पण तेव्हा धनुष्याचा हंगाम असतो आणि धनुष्याला महिनोन्महिने सराव लागतो. बंदुकीच्या पहिल्या शनिवारी जंगलात सगळ्यात जास्त माणसं असतात. माझ्या मते पहिल्या वर्षी मंगळवार-बुधवार गाठावा. गर्दी ओसरलेली असते आणि घाईही नसते.

५. मी एच-१बी व्हिसावर आहे. मुळात बंदूक बाळगू शकतो का?

हा प्रश्न सगळ्यात काळजीपूर्वक वाचा. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्याला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ हे सगळे त्यात येतात. या बंदीला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला आपल्या उपयोगाचा एक: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने रीतसर दिलेलं, मुदतीत असलेलं शिकारीचं लायसन्स. ते असेल तर बंदी लागू होत नाही.

यातली मेख ‘मुदतीत असलेलं’ या शब्दांत आहे. पूर्वी लायसन्स होतं, रायफल तेव्हाच रीतसर घेतली, मग शिकार सुटली, लायसन्स संपलं आणि रायफल घरातच राहिली, अशी स्थिती असेल तर ती साधी राहून गेलेली गोष्ट नाही, तो संघीय गुन्हा ठरू शकतो आणि त्याचा परिणाम थेट ग्रीन कार्डावर होतो. लायसन्सवर छापलेली मुदत आजच बघा. मुदत संपली असेल तर त्या बंदुकीला हात लावण्याआधी वकिलाशी बोला.

घरातली दुसरी व्यक्तीही व्हिसावर असेल आणि तिच्याकडे लायसन्स नसेल तर तिजोरीची किल्ली किंवा आकडा तिच्याकडे नको.

ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही. धनुष्य आणि क्रॉसबो या कायद्याच्या अर्थाने बंदुका नाहीत, त्यामुळे व्हिसावर असलेल्या पुष्कळांना तो मार्ग निर्धोक वाटतो. त्यासाठीही राज्याचं लायसन्स लागतंच.

६. रायफल दहा-बारा वर्षं कपाटात आहे. सरळ रेंजवर नेऊ का?

आधी बंदुकांच्या मिस्त्रीकडे, म्हणजे गनस्मिथकडे न्या. तोवर घरी इतकंच करा: बंदूक रिकामी आहे याची बोल्ट उघडून, डोळ्याने आणि बोटाने खात्री करा, मग नळीतून मागच्या बाजूने उजेड पाहा. जुनं तेल घट्ट होऊन चिकट राळेसारखं बसलेलं असतं. थंडीत तेच तेल फायरिंग पिनला अडवतं आणि चाप ओढल्यावर नुसती टिक ऐकू येते. फोमच्या केसमध्ये ठेवलेली बंदूक असेल तर फोमने दमट हवा धरून ठेवलेली असते आणि ज्या बाजूने ती टेकलेली होती तिथे गंजाचे ठिपके दिसतात. स्कोपच्या माउंटचे स्क्रू ढिले झालेले असतात.

जुनी काडतुसं कोरड्या जागी असतील तर बहुधा चालतात, पण पितळेवर हिरवट डाग किंवा चीर दिसली तर वापरू नका. काडतुसाच्या बुडावरचं नाव आणि नळीवर कोरलेलं नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. घरात दोन रायफली असतील तर ही चूक सहज होते.

७. सराव किती आणि कसा करावा?

आधी २५ यार्डांवर, मग १०० यार्डांवर. टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवून नेम बसला की पुष्कळ लोक थांबतात. जंगलात टेबल नसतं. म्हणून बसून, गुडघा टेकून, झाडाला टेकून, थंडीचं जाड जाकीट आणि हातमोजे घालून मारून पाहा. जाकिटामुळे दस्ता खांद्यावर वेगळाच बसतो आणि स्कोप डोळ्याच्या जास्त जवळ येतो.

आठ इंचांची कागदी ताटली लावा. हरणाच्या हृदय-फुप्फुसाचा भाग साधारण तेवढाच असतो. ज्या अंतरावर, टेबलाशिवाय, तुमच्या सगळ्या गोळ्या ताटलीत पडतात ते तुमचं यंदाचं अंतर. ते ६० यार्ड निघालं तर ६० यार्ड. तरुणपणी १५० यार्डांवरून मारलेलं हरीण यंदाच्या हिशेबात धरायचं नाही.

कानाला संरक्षण हवंच, रेंजवर तर दुहेरी.

८. पन्नाशी उलटली आहे. डोळे, गुडघे, हृदय… जमेल का?

जमतं, पण पद्धत बदलावी लागते. चाळिशीचा चष्मा लागला की उघड्या साइटवर पुढचा ठिपका, मागची खाच आणि हरीण तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. कमी पॉवरचा चांगला स्कोप लावा.

हृदयाचं बोलायचं तर धोका गोळीच्या वेळी कमी, मारलेलं हरीण ओढून आणण्याच्या वेळी जास्त. हरणाचं वजन ७०-८० किलो असू शकतं, बर्फ असतो, कपडे जड असतात, आणि माणूस उत्साहात एका दमात ओढत राहतो. प्लॅस्टिकची स्लेज न्या, जोडीदार न्या, दर पन्नास पावलांवर थांबा. वर्षभर व्यायाम नसेल तर डॉक्टरांना विचारून जा.

मचाणावर चढणार असाल तर हे ऐका: शिकारीतल्या गंभीर दुखापतींत मचाणावरून पडण्याचा वाटा फार मोठा असतो. पूर्ण अंगाचा हार्नेस घाला आणि जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत दोराला जोडलेले राहा. रिकामी बंदूक दोरीने वर ओढा, खांद्याला अडकवून चढू नका. जुना पट्टा आणि जुनी शिडी टाकून द्या. परत येणाऱ्याने पहिल्या वर्षी जमिनीवर बसावं हे बरं.

९. केशरी कपडे कितपत लागतात?

बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वरच्या बाहेरच्या कपड्यांचा निम्मा भाग भडक केशरी किंवा भडक गुलाबी हवा. गुलाबी २०१६ पासून मान्य आहे. टोपी घातली तर तिचाही निम्मा भाग याच रंगाचा हवा. धनुष्याने शिकार करत असाल आणि त्या वेळी बंदुकीचा हरणाचा हंगाम चालू असेल तरी हा नियम लागू होतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. दहा वर्षं धुतलेलं जुनं केशरी जाकीट फिकट पडतं. नवं घ्या.

१०. माझी जमीन नाही. पूर्वी ज्यांच्या शेतावर जायचो ते आता नाहीत. कुठे जाऊ?

सार्वजनिक जमीन भरपूर आहे. उत्तरेत शेक्वामेगन-निकोले राष्ट्रीय वन १५ लाख एकरांहून मोठं आहे. त्याखेरीज काउंटी फॉरेस्ट आणि राज्याची वन्यजीव क्षेत्रं आहेत. मचाण रात्रभर ठेवायचं की रोज काढायचं, हा नियम प्रत्येक प्रकारच्या जमिनीला वेगळा आहे, तो आधी बघा. डीएनआरच्या जमिनीवर बंदुकीच्या हंगामात आडोशाचा तंबू लावलात तर त्यावर सगळ्या बाजूंनी दिसेल असं १४४ चौरस इंच केशरी कापड लागतं.

खासगी जमिनीवर परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, पाटी असो वा नसो. ‘पाटी नव्हती’ हे कारण विस्कॉन्सिनमध्ये चालत नाही. परवानगी मागायची तर ऑगस्ट-सप्टेंबरात, दिवसाउजेडी, साध्या कपड्यांत, घरातलं कुणी सोबत घेऊन जावं. आपला वेगळा चेहरा आणि नाव पाहून समोरचा बिचकेल का, असं पुष्कळ जण विचारतात. कुठे दार लगेच बंद होतं, कुठे कॉफी मिळते. ज्या शेतकऱ्याचा मका हरणांनी खाल्लाय तो बहुधा तुमचं ऐकून घेतो. हंगामानंतर त्याच्याकडे पुन्हा जावं, मांस द्यावं, कुंपण दुरुस्तीला हात लावावा.

११. नर मारू की मादी?

लायसन्ससोबत नराची परवानगी मिळते. नर म्हणजे ज्याचं निदान एक शिंग ३ इंच किंवा जास्त आहे असा. मादी आणि आखूड शिंगाच्या पाडसांसाठी वेगळी परवानगी असते. ती ठरावीक काउंटीपुरती आणि सार्वजनिक की खासगी अशा जमिनीच्या प्रकारापुरतीच चालते. शेतीपट्ट्यात ती सहज मिळते, उत्तरेच्या जंगलपट्ट्यात कधी कधी अजिबात नसते.

माझा सल्ला: कोटा असेल तर पहिलं हरीण मादी असू द्या. शिंगांच्या मागे लागलेला माणूस लांबून, फांद्यांतून, पळत्यावर गोळी घालतो. कळपाचा आकार सांभाळण्याच्या दृष्टीनेही मादीची शिकारच उपयोगी पडते.

१२. खरं सांगू का, आता मारायचं मन होईल की नाही तेच कळत नाही. असं होतं का?

होतं, आणि हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा पुष्कळ जण विचारतात. पंचविशीत जे वाटलं नव्हतं ते पन्नाशीत वाटतं. मधल्या काळात आपण घरातली माणसं गमावलेली असतात, मुलं वाढवलेली असतात. स्कोपमध्ये हरीण आलं आणि चाप ओढावासा वाटला नाही तर ओढू नका. कुणाला कारण द्यायची गरज नाही. मी स्वतः मानतो की ज्याला हा प्रश्न पडतो तोच चांगला शिकारी होतो, कारण तो खात्रीच्या गोळीखेरीज दुसरी गोळी घालत नाही. काहींना जंगलात बसण्यापुरतंच परत यायचं असतं, त्यांनी रायफलीऐवजी दुर्बीण न्यावी.

१३. गोळी लागली पण हरीण पळालं. पुढे काय?

जागचे हलू नका. हरीण कुठे उभं होतं आणि शेवटचं कुठे दिसलं, या दोन जागा झाडाझुडपाच्या खुणेने लक्षात ठेवा. अर्धा तास घड्याळ लावून थांबा. जखमी हरीण मागे कुणी लागलं नाही तर जवळच आडवं होतं. लगेच मागे गेलात तर ते उठून मैलभर जातं.

मग जिथे उभं होतं तिथे जा आणि रक्त नीट पाहा. गुलाबी, फेसाळ रक्त फुप्फुसाचं, हरीण शंभर-दीडशे यार्डांत सापडेल. गडद लाल रक्त यकृताचं असू शकतं, काही तास थांबा. रक्तात हिरवट-तपकिरी चोथा आणि आंबूस वास असेल तर गोळी पोटात गेली आहे. अशा वेळी सहा-आठ तास, किंवा रात्रभर थांबावं लागतं. थांबणं जिवावर येतं, पण हरीण गमावण्यापेक्षा ते बरं. मागावर चालताना रक्ताच्या रेषेवर पाय देऊ नका, शेजारून चाला आणि शेवटच्या थेंबापाशी कागदी रुमाल अडकवत जा. मागे वळून पाहिलं की त्या रुमालांवरून दिशा कळते.

हरीण शेजारच्या खासगी जमिनीत गेलं तर तिथेही परवानगीशिवाय जाता येत नाही, ते तुमचं असलं तरी. मालकाला फोन करा. तो नाही म्हणाला तर त्या भागाच्या कॉन्झर्व्हेशन वॉर्डनला, म्हणजे डीएनआरच्या अधिकाऱ्याला, कळवा, पण कुंपण ओलांडू नका.

१४. सीडब्ल्यूडी म्हणजे काय? मांस खाणं सुरक्षित आहे का?

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा रोग आहे. बिघडलेल्या घडीच्या प्रथिनांमुळे, म्हणजे प्रायॉनमुळे, तो होतो आणि त्यातून हरीण वाचत नाही. कोलोरॅडोत तो १९६७ साली पहिल्यांदा दिसला. विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली सापडला, मिसिसिपी नदीच्या पूर्वेला प्रथमच. तुम्ही त्याआधी शिकार सोडली असेल तर ही गोष्ट तुम्हाला पूर्णपणे नवी आहे. नैऋत्य भागात, आयोवा, सॉक, डेन, रिचलंड या काउंट्यांत, त्याचं प्रमाण जास्त आहे.

माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. तरीही रोग आढळलेल्या हरणाचं मांस खाऊ नये असं अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र सांगतं, आणि मी ते पाळतो. प्रायॉन शिजवून मरत नाही. कुकरच्या कितीही शिट्ट्या केल्या तरी नाही. रोगट हरीण दिसायला धडधाकट असू शकतं, त्यामुळे ‘चांगलं होतं की’ या अंदाजाला अर्थ नाही.

तपासणी विस्कॉन्सिनमध्ये मोफत आहे. मुंडकं, काही इंच मानेसह, ठरलेल्या पेटीत किंवा केंद्रावर द्यायचं. घशामागच्या लसिकाग्रंथी तपासतात, निकाल साधारण दोन आठवड्यांत येतो. तोवर मांस फ्रीजरमध्ये ठेवा, प्रत्येक हरणाच्या पाकिटांवर वेगळी चिठ्ठी लावून. खाटकाकडे देत असाल तर ‘माझं मांस दुसऱ्याच्यात मिसळू नका’ असं स्पष्ट सांगा.

रोगग्रस्त काउंटीतून अख्खं हरीण दूर नेण्यावर बंधनं आहेत. हाडं काढलेलं मांस नेता येतं. मणका आणि मुंडकं हा अडचणीचा भाग. अशा काउंट्यांत हरणांना मका किंवा सफरचंदं टाकून बोलावण्यावरही बंदी आहे. पूर्वी तुम्ही तसं करत असाल तर आता थांबा.

१५. पोट साफ करायला विसरलोय. थोडक्यात सांगाल?

रबरी हातमोजे घाला. हरीण पाठीवर, डोकं चढाला. बरगड्यांच्या खालून कातडीला छोटी चीर द्या, दोन बोटं आत घालून कातडी वर उचला आणि सुरीची धार वरच्या बाजूला ठेवून खाली कापत न्या, म्हणजे टोक आतड्यात जात नाही. गुदद्वाराभोवती गोल कापून मोकळं करा. मूत्राशय फुटू देऊ नका. पोट आणि छातीमधला पडदा कापा, छातीत हात घालून श्वासनळी वरपर्यंत जाऊन तोडा आणि सगळं एका ओढीत बाहेर काढा. मग हरीण पालथं करून रक्त निथळू द्या.

सगळं कौशल्य गारव्यासाठी आहे. मांस १ ते ४ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवं. नोव्हेंबरात कधी १५ अंशांचा दिवस निघतो, तेव्हा पोटात बर्फाच्या पिशव्या भरा आणि त्याच दिवशी कातडं काढा. मणका आणि मेंदू कापू नका, कारण १४ व्या उत्तरात आहे.

१६. मित्राने माझ्या टॅगवर हरीण मारलं तर चालतं का?

बंदुकीच्या शिकारीत चालतं, अटींवर. दोघांकडे लायसन्स हवं, परवानगी त्या जागेला लागू हवी आणि गोळी झाडताना दोघं एकमेकांना दिसण्याच्या किंवा हाक ऐकू येण्याच्या अंतरात हवेत. फोन किंवा वॉकीटॉकी यात धरत नाहीत. मित्र जंगलात आणि तुम्ही केबिनमध्ये चहा घेताय, हे चालत नाही. धनुष्य आणि क्रॉसबोला ही मुभाच नाही.

१७. मुलीला सोबत न्यायचं आहे, तिने कोर्स केलेला नाही.

नुसती बसायला येत असेल तर अडचण नाही. शिकारही करायची असेल तर ‘मेंटर्ड’ लायसन्स मिळतं. अनुभवी माणूस तिच्या हाताच्या अंतरावर सतत हवा. किमान वयाची अट २०१७ साली काढली गेली. कायदा हो म्हणतो म्हणून लहान मुलाच्या हातात रायफल द्यावी असं मला वाटत नाही. जे मूल सकाळी चार तास गप्प बसू शकतं आणि ‘आज काही मिळालं नाही’ हे पचवू शकतं, ते तयार आहे. मोठ्या माणसानेही, ओळखीचं कुणी सोबत असेल तर, याच वाटेने यायला हरकत नाही.

१८. घरात मार्गशीर्ष पाळतात, बायको शाकाहारी आहे. एवढ्या मांसाचं काय करायचं?

नऊ दिवसांचा हंगाम बहुतेकदा कार्तिक संपता-संपता नाहीतर मार्गशीर्ष लागता-लागता येतो, त्यामुळे हा प्रश्न नेहमीचा. हवाबंद पाकिटातलं मांस फ्रीजरमध्ये वर्षभर चांगलं राहतं, महिना संपेपर्यंत थांबा. तपासणीचा निकालही तोवर येतो. घरच्या फ्रीजरमध्ये नको असेल तर गॅरेजात छोटा वेगळा घ्या, आणि हे हंगामाच्या आधी घरात बोलून ठरवा.

दान करायचं असेल तर राज्याची हरीणदान योजना २००० सालापासून चालू आहे. ठरलेल्या खाटकाकडे साफ केलेलं हरीण द्यायचं, मांस गरजूंच्या अन्नकेंद्रात जातं. शेजाऱ्यांना, मंडळातल्या मित्रांना देता येतं. विकता मात्र येत नाही, मंडळाच्या जेवणात ताटाचे पैसे लावूनही नाही.

शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब पसरतात. जखमेभोवतीचं मांस हात सैल सोडून काढून टाका. लहान मुलं किंवा गरोदर बाई खाणार असेल तर तांब्याची गोळीच वापरा.

१९. मटणासारखं करता येतं का?

मसाला तोच, पद्धत वेगळी. या मांसात चरबी जवळजवळ नसते, आणि जी असते ती काढून टाकायची, कारण ती थंड झाली की टाळूला मेणासारखी चिकटते. मांसावरची चंदेरी पातळ त्वचाही सोलून काढा. पाठीच्या दोन लांब पट्ट्या कुकरात घालू नका, हळद-आलं-लसूण लावून तव्यावर झटपट करा. मांडी आणि नळ्या काळ्या मसाल्यात, सुकं खोबरं भाजून, मंद आचेवर दोन-अडीच तास. उरलेल्याचा खिमा करा, त्यात थोडं बकऱ्याचं चरबीदार मटण घातलं तर कोरडा पडत नाही. खिमा आतपर्यंत पूर्ण शिजला पाहिजे.

२०. नोव्हेंबरात गोचिडांची काळजी करावी का?

हो. काळ्या पायाची गोचीड लाइम रोग पसरवते आणि तापमान गोठणबिंदूच्या वर असलं की ती शरद ऋतूतही हिंडते. हरीण गार झालं की त्याच्यावरच्या गोचिडी उतरून तुमच्याकडे येतात. पॅंट मोज्यांत खोचा, घरी आल्यावर कपडे ड्रायरमध्ये टाका, काखा आणि गुडघ्यामागचा भाग तपासा.

२१. भारतात सुट्टीवर गेल्यावर शिकार करता येईल का? शिंगं गावी नेता येतील का?

शिकार नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे आणि चितळ, सांबर, काळवीट, भेकर यांची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. महाराष्ट्रात पिकांची नासाडी करणाऱ्या रोही आणि रानडुकरांबाबत वनखात्याच्या परवानगीची वेगळी व्यवस्था आहे, पण ती शेतकऱ्यासाठी आहे, पाहुण्याच्या हौसेसाठी नाही.

विस्कॉन्सिनच्या हरणाची शिंगंही नेऊ नका. प्राण्यांचे अवयव परवान्याशिवाय देशात आणता येत नाहीत, आणि मुंबई विमानतळावर हे शिंग परदेशी हरणाचं आहे हे तुम्ही तिथल्या तिथे सिद्ध करू शकणार नाही.

यालाच जोडून येणारा प्रश्न: आजोबांच्या काळातलं सांबरशिंग वाड्याच्या भिंतीवर आहे, त्याचं काय? अशा वस्तूला मालकीचं प्रमाणपत्र लागतं. जुन्या वस्तू जाहीर करायला २००३ साली १८० दिवसांची मुदत दिली होती, ती केव्हाच संपली. वारशाने वस्तू आली असेल तर वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे कळवावं लागतं. घरात प्रमाणपत्र आहे का ते आधी शोधा. नसेल तर वस्तू हलवू नका, विकू नका, कुणाला भेटही देऊ नका, आणि जिल्ह्याच्या वनकार्यालयात जाण्याआधी तिथल्याच वकिलाला सोबत घ्या.